नव्या गुरुजींचं पहिलं वर्ष

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून उघडतात. कारण साधं आहे, जूनच्या मध्यापर्यंत आमचं ऊन हटत नाही. महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला की पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गर्दी होते. कुणी बदलून आलेलं, कुणी बदलून चाललेलं, आणि भरती झाली असेल त्या साली आयुष्यात पहिल्यांदाच नोकरीला लागलेलं. अकोला जिल्ह्यातल्या अशाच एका कचेरीत मी लिपिक आहे. कविता घरी लिहितो. कचेरीत लिहितो ते रुजू अहवाल आणि सेवापुस्तकं. नव्या शिक्षकाच्या सेवापुस्तकातलं पहिलं पान बहुधा माझ्याच हातचं असतं. तो येतो तेव्हा हातात प्लास्टिकची फाइल असते, तीत दहावीपासूनच्या गुणपत्रिका, आणि सोबत वडील नाहीतर मोठा भाऊ. कागद तपासून झाले, शिक्का पडला, की तो एकच प्रश्न विचारतो, ‘साहेब, त्या गावाले जायले एस्टी केव्हा हाये?’

एस्टीची वेळ आम्ही सांगतो. त्यानंतर, म्हणजे तो शाळेत पोचल्यानंतर, त्याला कोण काय सांगतं, हा आजचा विषय आहे. माझं स्वतःचं शिक्षण बी.ए.पर्यंतचं. शिकवण्याचं शास्त्र मी शिकलेलो नाही. पण तीसएक वर्षं शिक्षकांचे कागद हाताळले, आणि वर्गात कविता कशी म्हणावी हे सांगायला प्रशिक्षणांमध्ये अधूनमधून बोलावणं येतं. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू थोड्याफार दिसतात.

शिक्षक व्हायचं तर आज काय काय करावं लागतं ते आधी बघू. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका. आपण तिला अजून डी.एड.च म्हणतो, कागदावर ती डी.एल.एड. झाली आहे. त्यानंतर २०१३पासून सुरू झालेली शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी. त्यावर २०१७पासूनची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. मग ‘पवित्र’ नावाच्या पोर्टलवर पसंतीक्रम भरायचे, आणि नशिबात असेल तर नेमणुकीचा आदेश. तरीही तो लगेच पुरता शिक्षक होत नाही. तीन वर्षं तो ‘शिक्षण सेवक’ असतो. या योजनेला आता पंचवीसएक वर्षं झाली. प्राथमिक शाळेच्या शिक्षण सेवकाला कित्येक वर्षं महिना ६,००० रुपये मानधन मिळायचं; १ जानेवारी २०२३पासून ते १६,००० झालं. तीन वर्षांचं काम समाधानकारक ठरलं तर नियमित वेतनश्रेणी.

म्हणजे वर्गाच्या उंबरठ्यापर्यंत गाळण्या पुष्कळ आहेत. उंबरठा ओलांडल्यावर मात्र माणूस एकटा.

जरा इतर धंद्यांकडे बघा. डॉक्टर पदवीनंतर वर्षभर आंतरवासिता करतो, त्याच्या डोक्यावर वरिष्ठ असतो. नवा वकील ज्येष्ठाच्या बैठकीत फायली वाहतो. आमच्या मोहल्ल्यातला राजमिस्त्री पोराला आधी दोन वर्षं विटा भिजवायला आणि माल कालवायला लावतो, मग ओळंबा हातात देतो. शिक्षकाचं काम असं आहे की तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला जो वर्ग मिळतो, तोच पहिल्या दिवशी आलेल्यालाही मिळतो. खरं तर त्याहून अवघड मिळतो. सोयीच्या जागा जुन्यांनी आधीच घेतलेल्या असतात. नव्याच्या वाट्याला एस्टीचा शेवटचा थांबा येतो.

‘पण डी.एड.ला सराव पाठ घेतलेले असतात ना?’ असं कुणी म्हणेल. घेतलेले असतात. पण सराव पाठ म्हणजे काय? वर्ग दुसऱ्याचा, एकच विषय, एकच घटक, पस्तीस-चाळीस मिनिटं. आदल्या रात्री जागून रंगवलेला तक्ता. मागे प्राध्यापक बसलेले, त्यामुळे मुलंही शहाण्यासारखी. नोकरीत गेल्यावर एकाच खोलीत पहिली आणि दुसरी असे दोन वर्ग असतात, त्यातली चार मुलं कधीच वेळेवर येत नाहीत, पोषण आहाराचा तांदूळ मोजून घ्यायचा असतो, आणि हे सगळं उद्याही असतं, परवाही असतं. त्या तक्त्याचा रंग पहिल्या आठवड्यातच उडतो.

पूर्वी यावर एक उपाय आपोआप व्हायचा. शाळेत कुणीतरी पाच-सात वर्षं आधी लागलेला असायचा. त्याला स्वतःचं पहिलं वर्ष ताजं आठवायचं. ‘पहिलीला पहिले पंधरा दिवस पाटी देऊ नको, खेळव,’ असं तो चहा पिता पिता सांगून जायचा. ही साखळी मध्ये तुटली. २०१०च्या सीईटीनंतर राज्यात प्राथमिक शिक्षकांची मोठी भरती जवळजवळ थांबलीच. एकेकाळी गावोगाव उघडलेली डी.एड. कॉलेजं ओस पडली, बरीचशी बंद झाली. पवित्र पोर्टलवरून २०१९ साली काही नेमणुका झाल्या, मोठी तुकडी आली ती २०२४मध्ये. आमच्याकडे पऱ्हाटीची पेरणी झाल्यावर जिथे बी उगवलं नाही तिथे नांग्या भरतात. त्या आठवडाभरात भरल्या तर ठीक. उशीर झाला तर मागून लावलेलं झाड आजूबाजूच्या सावलीत खुजं राहतं. शाळांचं तसंच झालं आहे. एकीकडे पंचावन्नीचे मुख्याध्यापक, दुसरीकडे तिशी ओलांडून, सात-आठ वर्षं वाट पाहून, मधल्या काळात कुठे दुकानावर तर कुठे शिकवणी वर्गात काम करून आलेला नवा शिक्षक. मधली पिढीच नाही. जुन्याला सांगावंसं वाटतं, पण तो निवृत्तीच्या कागदांत. नव्याला विचारावंसं वाटतं, पण एवढ्या परीक्षा पास होऊन आल्यावर ‘मले हे जमत नाही’ असं कसं म्हणावं?

सरकार काहीच करत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. उलट प्रशिक्षण या शब्दाचा आमच्याकडे सुकाळ आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. त्यांना सगळे ‘डाएट’ म्हणतात. अमरावतीला आहे, अकोल्यालाही आहे. १९९०च्या दशकात ‘स्मार्ट पीटी’ नावाचं राज्यव्यापी प्रशिक्षण झालं. सर्व शिक्षा अभियानात तर प्रशिक्षणांची रांग लागली. २०१९च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने ‘निष्ठा’ हा कार्यक्रम सुरू केला, त्याचं उद्दिष्ट देशभरातल्या ४२ लाख शिक्षकांपर्यंत पोचण्याचं होतं. २०२०चं धोरण म्हणतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक वाढीसाठी द्यावेत. नवनियुक्तांसाठी वेगळे वर्गही होतात.

अडचण आहे ती पोचवण्याच्या पद्धतीत. राज्यपातळीवर काही तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याच्या सुलभकांना शिकवतात, ते तालुक्याच्या, ते केंद्राच्या, आणि सगळ्यात शेवटी तो नवा शिक्षक. हे कालव्याच्या पाण्यासारखं आहे. धरणातून सुटतं तेव्हा जोर असतो. शेपटाकडच्या शेतकऱ्याला विचारा त्याच्या चारीत किती आलं. मी अशा वर्गांत बसलो आहे. दीडशे माणसं, एक पंखा, पडद्यावर अक्षरं. दुपारच्या जेवणानंतर सुलभक बिचारा स्वतःच झोपेशी झुंजत असतो. त्याचा दोष नाही. पोहणं कसं असतं हे काठावर बसून तीन दिवस ऐकल्यावर विहिरीत उडी मारणाऱ्याचं जे व्हायचं तेच होतं.

अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोन अभ्यासकांनी १९८०च्या आसपास या प्रश्नाचा पाठपुरावा केला. प्रशिक्षणात सांगितलेलं वर्गात उतरतं कधी? त्यांना असं दिसलं की नुसतं व्याख्यान ऐकून किंवा नमुना पाठ पाहून शिक्षकाला ती गोष्ट कळते, पण वर्गात ती क्वचितच दिसते. वर्गात ती टिकते तेव्हा, जेव्हा प्रशिक्षणानंतर कुणीतरी त्याच्या वर्गात येऊन बसतं, बघतं, बोलतं आणि पुन्हा येतं. इंग्रजीत याला कोचिंग म्हणतात. आपल्याकडे कोचिंग म्हटलं की फी आणि भिंतीवरचे गुणवंतांचे फोटो आठवतात, म्हणून मी तो शब्द टाळतो. ‘सोबत’ म्हणतो.

ही सोबत प्रत्यक्षात कशी असते ते मी खारपाणपट्ट्यातल्या एका गावात पाहिलं. पूर्णेच्या खोऱ्यातलं गाव, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. दोन शिक्षकी शाळा. मुख्याध्यापक तिसरी-चौथी बघायचे, नवा शिक्षण सेवक पहिली-दुसरी. मी गेलो होतो माहितीचा एक तक्ता भरून घ्यायला, कारण तो तक्ता त्याच दिवशी वर पाठवायचा होता. आमच्या खात्यात प्रत्येक तक्ता त्याच दिवशी वर पाठवायचा असतो. मुख्याध्यापक म्हणाले, ‘बसा थोडं, तास सुरू आहे.’ त्यांनी आपल्या वर्गाला शुद्धलेखन दिलं, मधलं दार उघडं ठेवलं आणि दुसरीच्या खोलीत मागे सतरंजीवर मुलांच्या रांगेत जाऊन बसले. त्यांच्या शेजारी मीही टेकलो.

फळ्यावर वजाबाकी होती. ४२ वजा १७. नव्या शिक्षकाने पद्धतशीर समजावलं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून दशकाच्या घरातून एक दशक घ्यायचा, वगैरे. दर दोन मिनिटांनी ‘समजलं का?’ आणि मुलांचं एका सुरात ‘होऽऽ’. मग त्याने पाटीवर गणित करायला दिलं. आमच्या पुढ्यात बसलेल्या एका मुलाने उत्तर लिहिलं, ३५. गुरुजी आले, पाटीवर फुली मारली, ‘लक्ष कुठे असतं रे?’ म्हणाले आणि पुढे गेले.

तास संपला. मला वाटलं, आता मुख्याध्यापक त्याला बाजूला घेऊन चार गोष्टी सुनावणार. त्यांनी चहा मागवला आणि एवढंच विचारलं, ‘त्या पोरानं पस्तीस कसे काढले?’

‘चुकला सर तो.’

‘चुकला ते दिसलंच. कसा चुकला?’

त्याला सांगता येईना. मुख्याध्यापकांनीही सांगितलं नाही. ‘उद्या त्यालेच विचारा,’ म्हणाले आणि माझ्या तक्त्याकडे वळले.

पुढे काय झालं ते मला महिन्याभराने त्या शिक्षकाकडूनच कळलं, मानधनाच्या कामाला कचेरीत आला तेव्हा. त्याने दुसऱ्या दिवशी मुलाला जवळ बसवून विचारलं. मुलगा म्हणाला, ‘सर, मोठ्यातून लहान जाते नं. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन.’ मुलाने नियम मोडलाच नव्हता. पहिलीत असताना त्याला कुणीतरी सांगितलं होतं की नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं, आणि तो इमानदारीने तेच करत होता. शिक्षकाने मग सगळ्यांच्या पाट्या बघितल्या, तर ३५ लिहिणारी आणखी पाच मुलं निघाली. फुली मारून त्या सहाही जणांना काहीच कळणार नव्हतं. त्याने शेतातून तुराट्या आणल्या, बोटाएवढे तुकडे केले, दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधल्या. चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या मुलांसमोर ठेवल्या आणि म्हणाला, सतरा द्या मला. सात सुट्या काड्या कुठून आणायच्या? मुलांनीच एक जुडी सोडली. ‘दशक घेणं’ म्हणजे काय हे त्या रबर काढण्यात होतं.

तुराट्यांची युक्ती डी.एड.च्या पुस्तकात असते. त्याने ती वाचलेलीही होती, परीक्षेत लिहिलीही होती. पण ती नेमकी कधी काढायची, हे त्याला ‘पस्तीस कसे काढले?’ या प्रश्नानंतर कळलं. मुख्याध्यापकांचा नियम ठरलेला आहे. एका खेपेला एकच गोष्ट विचारायची, आणि उत्तर आपण द्यायचं नाही. मी त्यांना विचारलं, त्या तासात तुम्हाला एवढंच खटकलं का? ते हसले. ‘दहा गोष्टी खटकल्या. दहा सांगितल्या तर तो अकरावी शिकतो, की या म्हाताऱ्याले वर्गात येऊ द्यायचं नाही.’

हे मला लगेच पटलं, कारण कवितेच्या घराण्यात असंच चालतं. उर्दूत याला ‘इस्लाह’ म्हणतात. शागिर्द आपला शेर उस्तादापुढे ठेवतो. उस्ताद एक शब्द फिरवतो, कधी नुसती खूण करतो. मिर्झा गालिब दिल्लीत बसून टपालाने इस्लाह करायचे. मुन्शी हरगोपाल तफ्ता या शागिर्दाला त्यांनी लिहिलेली किती तरी पत्रं आज छापील मिळतात. आमच्या अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी मराठीत तेच केलं. नव्या गझलकारांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका लिहिली, आणि पत्रांमधून कितीतरी पोरांच्या गझला तपासून दिल्या. बाराखडी म्हणजे झालं प्रशिक्षण. पण बाराखडी पाठवून ते थांबले नाहीत, गझल हातात घेऊन बघितली. दोन्ही लागतं.

शिक्षणातही आपल्याकडे याचं मोठं उदाहरण आहे, आणि त्याचा एक धागा अमरावतीशी जोडलेला आहे. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिल्या. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, बालशिक्षणाचं काम शिकल्या, आणि १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. त्याच सुमारास अनुताई वाघ त्यांच्याकडे आल्या. अनुताई नवशिक्या नव्हत्या, अनेक वर्षं शाळेत शिकवून आलेल्या होत्या. पण आदिवासी पाड्यावरच्या लहान मुलांना शिकवणं हे काम त्यांना नवंच होतं. त्या ताराबाईंच्या शेजारी राहून ते शिकल्या; मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्यावर न्यावी, अंगणातच भरवावी, हे प्रयोग दोघींनी मिळून केले. बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर काम गेलं तेव्हाही दोघी बरोबर होत्या. १९७३ साली ताराबाई गेल्या, तोवर अठ्ठावीस वर्षं झाली होती. पुढे अनुताईंनी ते काम स्वतःच्या बळावर चालवलं आणि अनेक बालवाडी शिक्षिका तयार केल्या. अठ्ठावीस वर्षं कुणालाच मिळणार नाहीत. नव्या शिक्षकाला अठ्ठावीस आठवडे तरी मिळावेत.

आता कुणी विचारेल, हे काम करायला खात्यात माणूसच नाही का? आहे. कागदावर तर नक्की आहे. १९९४-९५ साली महाराष्ट्रात साधारण दहा-दहा शाळांचं एक अशी सुमारे ४,८६० केंद्रं झाली आणि प्रत्येकावर केंद्रप्रमुख नेमायचं ठरलं. कल्पना फार चांगली होती. केंद्रप्रमुखाने शाळांना भेटी द्याव्यात, स्वतः पाठ घेऊन दाखवावा, महिन्याला शिक्षकांची बैठक घ्यावी, जिला आज शिक्षण परिषद म्हणतात. ज्या ठिकाणी हा माणूस वर्गात जाऊन बसला तिथे फरक दिसलाच. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांबरोबर बसून काम उभं केलं, तेव्हा ते पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून गेल्या. आपल्या विदर्भातलेही गेले. आणि गंमत बघा, पडद्यावर जे तीन दिवसांत पटत नव्हतं ते तिथे एका सकाळी पटलं, कारण समोर फरशीवर बसलेली खरी मुलं होती.

पण अनेक केंद्रांत केंद्रप्रमुखाची जागा वर्षानुवर्षं रिकामी राहिली. कार्यभार दुसऱ्याकडे दिला जातो, त्याच्याकडे आधीच स्वतःची शाळा असते. जो आहे त्याचा दिवस माहिती गोळा करण्यात जातो. यू-डायस, आधार जोडणी, पोषण आहाराच्या नोंदी. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही, ते तक्ते माझ्याच टेबलावरून जातात.

याहून खोल अडचण वेगळी आहे. जो मदत करायला येतो तोच शेरा लिहितो. जुन्या काळी डिपोटी यायचे तेव्हा शाळा सारवून, तोरण बांधून, हुशार पोरं पुढे बसवून त्यांची वाट पाहिली जायची. तो धाक अजून गेलेला नाही. शिक्षण सेवकाची तीन वर्षं मूल्यमापनावर असतात. अशा माणसाने साहेबांसमोर ‘दुसरीतल्या सहा मुलांना वजाबाकी येत नाही, काय करू?’ असं का विचारावं? तो हुशार मुलाला फळ्यावर बोलावतो, साहेब ‘अध्यापन समाधानकारक’ लिहितात, दोघंही सुटतात. सोबत करणारा आणि गुण देणारा माणूस वेगवेगळा हवा, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टरला दुखणं सांगितल्यावर नोकरी जाणार असेल तर सगळे धडधाकटच निघतील.

उर्दू शाळांचं दुखणं आणखी निराळं. अकोला, बाळापूर, अचलपूर या भागात जिल्हा परिषदेच्या आणि नगर परिषदेच्या उर्दू शाळा आहेत. तिथल्या एका तरुण शिक्षिकेने मला सांगितलं, ‘भाईजान, साहेब आते हैं, किताब उलटी तरफ से खोलते हैं, हाजिरी देखते हैं और बहुत अच्छा लिख के जाते हैं.’ तिला तो बहुत अच्छा नको होता. मुलं काफ आणि क़ाफ यात का गडबडतात हे तिला कुणाशी तरी बोलायचं होतं. साहेबांनाही काय म्हणावं? त्यांना लिपीच येत नाही.

भाषेचा विषय निघाला म्हणून मेळघाटाकडे वळतो. अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके. परतवाडा सोडलं की घाट सुरू होतो, आणि घाट चढला की मराठी पातळ होत जाते. तिथल्या कोरकू मुलांच्या घरची भाषा कोरकू. ती मराठीची बोली नाही. तिचं कूळच वेगळं, मुंडारी-संथाळीशी नातं सांगणारं. माझी एक भाची २०२४मध्ये तिकडच्या एका मराठी शाळेत शिक्षण सेविका म्हणून लागली. घरात आम्ही दखनी बोलतो, ती शिकली मराठीतून, आणि शिकवायला मिळाली कोरकू मुलं. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला, ‘मामू, मैं बोलती हूँ तो सिर्फ देखते हैं.’ महिन्याभराने पुन्हा आला तेव्हा हसत होती. ‘मामू, यहाँ गिनती ही मिया से शुरू होती है!’ खरंच आहे ते. कोरकूत एक म्हणजे मिया, दोन म्हणजे बारी, मग आफई, उफुन, मोनोई.

हे तिला शिकवलं अंगणवाडीच्या सेविकेने. ती गावचीच, कोरकू. शिक्षण सेविकेला सोबत कर, असा आदेश तिला कुणी दिलेला नव्हता. भाचीने रोज शाळा सुटल्यावर तासभर अंगणवाडीच्या ओट्यावर बसायला सुरुवात केली. आधी वस्तूंची नावं शिकली, मग आकडे, मग ‘इकडे ये’, ‘बस’, ‘काय झालं?’. वर्गात तिने पाच आधी कोरकूतून मोजून घेतले आणि मग त्याच खड्यांना मराठी नावं दिली. जी मुलं नुसती बघायची ती भांडायला लागली, मीच मोजणार म्हणून. शिक्षण हक्क कायदा मुलाच्या मातृभाषेतून, शक्य तिथवर, शिकवायला सांगतो. २०२०चं धोरणही तेच म्हणतं. कायद्याचं ते कलम त्या गावापुरतं अमलात आलं, ते एका अंगणवाडीच्या ओट्यावर.

दिवाळीनंतर तिच्या वर्गातली मुलं एकदम कमी झाली. तिला वाटलं, आपल्याला शिकवताच येत नाही. रात्री रडायची, असं तिने नंतर सांगितलं. सेविकेनेच समजावलं की बाई, ही माणसं कामाला खाली गेली, लेकरांना घेऊन गेली, होळीला येतील. होळी हा कोरकूंचा मोठा सण, कुठेही असले तरी तेव्हा गावी परततात. मग दोघींनी मिळून एक वही केली. कोणतं मूल जाताना कुठपर्यंत वाचत होतं, कुठपर्यंत मोजत होतं, ते लिहून ठेवलं. होळीला मुलं परतली तेव्हा कुणालाही पहिल्या धड्यापासून सुरू करावं लागलं नाही.

हे ज्ञान कुठल्याही सुलभकाच्या पुस्तिकेत मावणार नाही, कारण ते त्या गावाचं आहे. खारपाणपट्ट्यात ते वेगळं, मेळघाटात वेगळं. म्हणूनच नव्या शिक्षकाजवळ त्या भागातलं माणूस हवं.

जपानमध्ये १९८८ साली कायदा करून नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षभर मार्गदर्शनाखाली काम करण्याची सोय केली गेली, १९८९पासून ती अमलात आली. शाळेतल्याच अनुभवी शिक्षकावर ती जबाबदारी असते आणि त्यासाठी वेळ दिलेला असतो. शिवाय तिथे जुनी रीत आहे: एक शिक्षक पाठ घेतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलांकडे बघतात, नंतर सगळे त्या पाठावर बोलतात, शिक्षकाच्या चालचलणुकीवर नाही. आपल्याकडच्या २०२०च्या धोरणातही राष्ट्रीय मार्गदर्शन अभियानाचा उल्लेख आहे. पण त्याची वाट पाहायची गरज आहे असं मला वाटत नाही. महिन्याची शिक्षण परिषद आहेच. तिच्यातली परिपत्रकं वाचण्याची वेळ अर्धी केली, एका वर्गातला एक खरा पाठ सगळ्यांनी मिळून पाहिला आणि पाट्यांवरच्या चुकांवर बोललं, तर एका रुपयाचाही खर्च नाही. नव्या शिक्षकाचं पहिलं वर्ष संपेपर्यंत जवळच्या शाळेतल्या एका अनुभवी शिक्षकाला महिन्यातला एक दिवस त्याच्याकडे जायला मोकळा द्यावा. त्या दिवसाचा अहवाल मात्र मागू नये. आमच्या कचेरीत हे ऐकून सगळे हसतील, अहवाल नाही तर ती भेट झाली हे कळणार कसं? मी म्हणतो, पोरांच्या पाटीवरून कळेल.

खारपाणपट्ट्यातले ते मुख्याध्यापक येत्या ३१ मेला निवृत्त होत आहेत. त्यांच्या निवृत्तीवेतनाचे कागद सध्या माझ्याकडेच आहेत. शाळेच्या शेरेबहीखेरीज त्यांची स्वतःची एक दोनशे पानी वही आहे. तीत तारीख, वर्ग आणि त्या दिवशी सहकाऱ्याला विचारलेला एक प्रश्न, एवढंच लिहिलेलं असतं. उत्तराची जागा कोरी. कार्यभाराच्या यादीत कपाटं, सतरंज्या, तराजू, तांदळाची पोती असं सगळं आहे. वहीसाठी रकाना नाही. त्यांच्या जागी कोण येणार, हेही अजून ठरलेलं नाही.